खडकापासून कड्यापर्यंत

डोणीच्या डोंगरावर कुठेही आग लागली की ती आधी उपग्रहाला दिसायची, मग दूरच्या कुठल्याशा कचेरीतल्या कॉम्प्युटरला, मग वनरक्षक संघरत्ना रोकडेच्या मोबाईलला आणि सगळ्यांत शेवटी डोंगराखालच्या माणसांना. निदान खात्याचा तसा समज होता. डोंगराखालच्या माणसांना नाकं असतात, हे कुठल्या परिपत्रकात आलेलं नव्हतं.

वनक्षेत्रपाल आल्हाद साहेब भिवंडीच्या कचेरीत बसून या मेसेजवर जगत आणि मरत होते. म्हणजे मरायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही, ती दुसऱ्यावर आली. तीन वर्षांपूर्वी ते इथे रुजू झाले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की आपल्या हद्दीत नकाशावर एकही लाल ठिपका दिसता कामा नये. ठिपका म्हटला की वर खुलासा द्यावा लागतो. आणि ठिपका काही आग कोणी, कशाला लावली ते सांगत नाही. म्हणून साहेबांनी जाळरेषा जाळणंच बंद केलं.

जाळरेषा म्हणजे डोंगराच्या कमरेला बांधायचा काळा पट्टा. पौषात, गवतावर दव असताना, दहा-बारा हात रुंदीचं गवत मुद्दाम जाळायचं. दव असतं म्हणून आग रांगत चालते, तिच्याबरोबर माणूस हातात फांदी घेऊन चालू शकतो. मग फाल्गुनात खालून खराखुरा वणवा वर चढला, तरी या पट्ट्याशी येऊन त्याला खायला काही मिळत नाही आणि तो बसतो. साहेब म्हणाले, जाळू नका, पट्टे झाडून घ्या. त्यासाठी पाचोळा उडवायची दोन यंत्रं आली. त्यातलं एक चालू व्हायचं.

संघरत्नाला हे पटत होतं असं मुळीच नाही. तिचा बाप यादव याच डोंगरावर तीस वर्षं रोजंदारीचा वनमजूर होता. तीस पौष त्याने हा पट्टा जाळला होता आणि तीस वर्षांत खात्याने त्याला कायम केलं नव्हतं. आता थकल्यावरही तो कामतघरच्या चाळीत बायको-पोरीजवळ राहायला तयार नव्हता. लूमच्या खडखडाटात झोप लागत नाही म्हणायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी, चिंचपाड्याच्या अलीकडे, जुन्या घरात एकटा राहायचा. पोरगी सव्वीस वर्षांची. घराण्यातली पहिली वर्दी तिच्या अंगावर. नोकरी पक्की व्हायची ती मार्चअखेर आणि पक्की करायचा शेरा आल्हाद साहेबांच्या पेनात. तिला काय पटतं याला कोण विचारतो?

"बाय," यादव तिला दर आठवड्याला सांगायचा, "गवात कमरंला लागलंय. तीन वरसं पट्टा जाळला न्हाय. औंदा लागली तर ती कुनाच्या बापाला ऐकनार न्हाय."

"वरून बंदी आहे, बाबा."

"वरून म्हंजे कुठून? वर तर मी असतो."

ती हसायची आणि स्कूटीला किक मारायची.

पौषातल्या एका सकाळी ती कचेरीत रजिस्टर भरत बसली होती, तेव्हा मेसेज आला. अक्षांश, रेखांश, बीटचं, म्हणजे तिच्या गस्तीच्या हद्दीचं, नाव: डोणी. तिने स्कूटी काढली. पायथ्याला ठेवून धापा टाकत वर चढली, तर आगीचा गाजावाजा काहीच नव्हता. धूर निळसर, पातळ, चुलीचा असावा तसा. ओहोळापासून वर काळा पट्टा सरळ आखलेला होता आणि त्याच्या टोकाशी, मोठ्या खडकाजवळ, यादव करंजाची ओली फांदी घेऊन आगीच्या कडेकडेने चालत होता. म्हाताऱ्याने अंगात जुना खाकी शर्टही घातला होता. खात्याने त्याला तो कधी दिलाच नव्हता. एका साहेबाच्या बदलीच्या वेळी कचऱ्यात सापडलेला.

"विझव," संघरत्ना म्हणाली.

"झालंच. खडकापासून कड्यापर्यंत शे-दोनशे पावलं राहिलीत. अर्धा तास दे."

"बाबा, मेसेज आलाय. विझव म्हणते ना."

"अर्धं सोडलं तर केल्याचा काय उपेग?"

तिने त्याच्या हातातली फांदी हिसकून घेतली आणि स्वतः आगीवर मारत सुटली. बुटांनी निखारे तुडवले. रांगती आग ती, दहा मिनिटांत मेली. यादव खडकावर बसून बघत राहिला. तिने विझलेल्या टोकाचा फोटो काढला, 'आग आटोक्यात' असं लिहून पाठवला आणि मगच बापाकडे वळून पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. खडकापलीकडच्या कमरेएवढ्या गवताकडे बघत होता.

दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आल्हाद साहेब माणूस मोठा गोड. चहा मागवायचे, घरची विचारपूस करायचे आणि मान कापायची असली तरी आधी बसायला खुर्ची द्यायचे.

"मॅडम, काम छान केलंत. फक्त कारणाचा कॉलम कोरा राहिलाय. आग लावणारा कोण?"

"दिसला नाही, सर."

"अज्ञात लिहिलं की चौकशी लागते. चौकशी लागली की माणसं पाठवतात, मग तुमच्या बीटवर बाकी काय काय आहे तेही बघतात. तुमचा शेरा लिहायचाय मला मार्चमध्ये. संशयित कोणी असेलच ना?"

तिच्या डोळ्यांपुढे खाकी शर्ट होता. ओठांवर दुसरंच नाव आलं. चिंचपाड्याचा लडकू दरवर्षी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा अंथरून जाळायचा, आणि दोन वर्षांपूर्वी त्याबद्दल त्याला दंडही झाला होता. नाव रजिस्टरमध्ये आधीच होतं. लिहिलेलं नाव पुन्हा लिहायला काही वाटत नाही.

"लडकू असेल, सर."

"असेल की आहे?"

"आहे."

लडकूला त्याच संध्याकाळी उचलला. मारलं कोणी नाही, आल्हाद साहेबांना मारहाण आवडत नसे. त्याला फक्त दोन दिवस मागच्या खोलीत उकिडवं बसवलं. साठीच्या माणसाला दोन दिवस उकिडवं बसवलं की काय होतं ते त्याच्या उजव्या गुडघ्याला विचारावं. तो उठला तो लंगडतच उठला. वर केस झाली, भिवंडीच्या कोर्टात तारीख पडली.

यादवला कळलं तसा तो एसटीने कामतघरला आला. कौसल्येने, संघरत्नाच्या आईने, त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"मी जातो सायबाकडं," तो म्हणाला. "सांगतो, मी लावली. लडकू तर त्या दिशी बाजारात होता."

"आणि मी काय सांगू?" संघरत्ना म्हणाली. "बापाला वाचवायला खोटं नाव दिलं? माझी नोकरी त्याच दिवशी जाईल."

"तो लंगडतोय, बाय."

"तीस वर्षं तुला कायम केलं नाही, बाबा. तू त्यांच्या दारात चपला काढून उभा राहायचास. मला तरी होऊ दे. मार्चपर्यंत तोंड उघडू नकोस. नंतर मी केस मिटवीन, शपथ."

खोटं नव्हती बोलत. मार्चनंतर ती खरंच काहीतरी करणार होती. माणसं वाईट वागतात ती बहुतेक वेळा अशी तारीख घालूनच वागतात. यादवने भाकरीचा मोडलेला तुकडा पुन्हा ताटात ठेवला आणि न जेवता निघून गेला. त्याने तोंड उघडलं नाही. पाड्यातल्या माणसांना मात्र सगळं ठाऊक होतं. पट्टा यादवशिवाय कोणी जाळत नाही हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. लडकूने यादवचं नाव घेतलं नाही आणि यादवने स्वतःचं. त्यानंतर यादव पाड्यावर गेला की बसलेली माणसं उठून घरात जात.

होळीला आठ दिवस असताना, भर दुपारी, डोंगर खालून पेटला. कोणी पेटवला ते आजतागायत कळलेलं नाही. रस्त्याला लागून नवीन गोदामं झाली होती, त्यांच्या मागच्या भिंतीशी पुठ्ठे आणि प्लास्टिक जाळत. ट्रकवाले बिड्या टाकत. या वेळी संघरत्नाला मेसेजची गरज पडली नाही. अर्धं आभाळ पिवळं झालं होतं. तिने अग्निशमनला फोन लावला, तर सगळे बंब काल्हेरला, गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती तिथे, आणि कशेळीपासून ट्रॅफिक तुंबलेलं. डोंगराला विमा नसतो, त्यामुळे त्याचा नंबर नंतर.

ती पायथ्याशी पोचली तेव्हा यादव चिंचपाड्यावर उभा होता. वणवा आला की पाडा उठायचा, ही इथली जुनी रीत. हाक द्यावी लागायची नाही. बाया, बाप्ये, सगळे फांद्या तोडून पळत सुटायचे. आज सगळे आपापल्या ओट्यांवर बसले होते आणि यादव मध्ये उभा राहून एकेकाला नावाने हाका मारत होता. कोणी ओ देत नव्हतं. पोरं मधूनच हसत होती.

"लडकू, वरचा सागवान जाईल. चल रं."

लडकू भिंतीला टेकून बसला होता, उजवा पाय लांब पसरून. त्याने पायाकडे पाहिलं, यादवकडे पाहिलं. बोलली ती त्याची बायको मैना.

"आमी न्हाय बा आगीला हात लावायचे. आमच्यावर केस हाय." मग तिने संघरत्नाकडे बोट केलं. "तुझ्या पोरीला विचार, मेसेज आला का. मेसेज आल्याबिगर आग लागत न्हाय."

ओट्यांवर हशा पिकला. संघरत्नाला वाटलं, पाय धरावेत. पण वर्दीत पाय धरता येत नाहीत, असं तिला त्या वेळी तरी वाटलं.

"चल, आपन दोघं," यादव म्हणाला.

ते चढले. ओहोळाच्या बाजूने येणारी आग काळ्या पट्ट्याशी आली, दोन-चार जिभा चाटून पाहिल्या आणि संघरत्नाच्या डोळ्यांदेखत खाली बसली. जनावर दमून बसावं तशी. पट्टा ओहोळापासून वर चढत गेलेला, एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला, खाली, चिंचपाडा होता. यादवने पौषात जाळायला सुरुवात केली ती पाड्याच्या बाजूने, आधी माणसं आणि मग सागवान या हिशेबाने. खाली ओट्यांवर बसून जे हसत होते, ते त्याच्या पट्ट्याच्या आडोशाला बसून हसत होते.

खडकापासून पुढे मात्र पट्टा नव्हता. कड्यापर्यंत शे-दोनशे पावलं सुकं, पिवळं, कमरेएवढं गवत, आणि खालून आग त्याच दिशेने सरकत होती.

यादवने खिशातून काडेपेटी काढली. "अजून ती खाली हाय. हितून उलटी लावू. आपली आग तिला जाऊन भिडंल, मधलं गवात खाल्लं की दोन्ही बसतील."

"थांब," संघरत्ना म्हणाली. "विचारते."

आणि तिने फोन लावला. या गोष्टीतली सगळी माणसं एकदम वाईट नाहीत, पण हा फोन कोणी माफ करू नये. डोंगर पेटलाय, बाप काडी घेऊन उभा आहे, आणि ही परवानगी मागतेय. तिला दुसरं काही सुचलंच नाही. पावणेदोन वर्षांत तिला तेवढंच शिकवलं होतं.

"आग विझवायला आग?" पलीकडून आल्हाद साहेब शांतपणे म्हणाले. "मॅडम, उद्या चौकशीत विचारतील, वनरक्षकाने स्वतः जंगल पेटवलं का. आठ दिवसांवर तुमचा शेरा आलाय. काही लावायचं नाही. फांद्यांनी विझवा."

तिने फोन ठेवला तेव्हा यादवने काडी ओढली होती. तिने ती फुंकून विझवली, त्याच्या मुठीतून काडेपेटी ओढून घेतली आणि आपल्या पँटच्या खिशात घातली.

यादव तिच्याकडे बघत राहिला. रागावलासुद्धा नाही. "तुझंबी बरोबर हाय, बाय," तो म्हणाला. "तू हितंच काळ्यावर उभी रहा. काळ्यावर ती येत न्हाय."

मग त्याने करंजाची फांदी तोडली आणि त्या गवतात शिरला. शे-दोनशे पावलांच्या तोंडाशी एकटा म्हातारा, हातात फांदी. सुरुवातीला त्याने खरंच दोन-तीन जिभा मारल्या. मग कड्याखालच्या घळीतून वारा आला आणि गवत पेटलं ते कापडाला आग लागावी तसं, एका झटक्यात, उभं. संघरत्नाने हाक मारली. ती पळाली नाही, पुढेही गेली नाही. काळ्यावर उभी राहिली. तिथे आग आली नाही, बापाने सांगितलं होतं अगदी तसंच. खाकी शर्टाची पाठ तिला एकदा दिसली, एकदा दिसली नाही. ओरडणं ऐकू आलं ते फार वेळ नव्हतं.

वरचा सागवान दोन दिवस जळत राहिला.

तिसऱ्या दिवशी आल्हाद साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांचे डोळेही ओले झाले. माणूस म्हणून त्यांना वाईट वाटलंच होतं.

"मॅडम, अशा वेळी बोलू नये. पण वरून दोनदा फोन आला. कारणाचा कॉलम."

साहेबांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"लडकूचं नाव आधीच्या केसमध्ये आहे. पुन्हा त्याचंच लिहिलं तर तो आता पाच-सात वर्षं बाहेर येत नाही. मला ते बरं वाटत नाही. दुसरा मार्ग म्हणजे..." साहेब थांबले. "जे गेले त्यांना आता कोण काय करणार? त्यांना जाळायची सवय होती, पाड्यात सगळे सांगतात. जानेवारीची आगही त्यांचीच, हे मला तेव्हापासून माहीत होतं. तुमच्याकडे बघून बोललो नाही. दोन्ही आगी त्यांच्या नावावर गेल्या की लडकूची केस मिटते. तुमचा शेरा मी आज लिहितो. कोणाचंच नुकसान नाही."

लडकूची केस मिटवायची शपथ तिने बापापुढेच घेतली होती. ती अशी पुरी व्हायची होती.

"पुरावा म्हणून काहीतरी लागेल," साहेब हळूच म्हणाले. "त्यांच्याजवळ काही सापडलं होतं का?"

संघरत्ना तीच पँट घालून आली होती. दुसरी वाळलीच नव्हती. तिने खिशात हात घातला आणि काडेपेटी टेबलावर ठेवली. साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं: मयताकडून जप्त, काडेपेटी एक. तिने खाली सही केली. एप्रिलच्या एक तारखेपासून ती कायम झाली.

कौसल्येने पोरीशी बोलणं सोडलं नाही. वर्दी धुणं तेवढं सोडलं. बाकीचे सगळे कपडे ती धुवायची, वर्दी बादलीबाहेर काढून ठेवायची.

पुढच्या पौषात परिपत्रक आलं. वणवे रोखण्यासाठी दव असताना नियंत्रित जाळणी करावी, स्थानिकांना सोबत घ्यावं. कोणा तज्ज्ञांनी अभ्यास करून शोधून काढलं होतं म्हणे. आल्हाद साहेबांनी ते मनापासून राबवायला घेतलं. बंदी त्यांनी जेवढ्या मनापासून राबवली होती, अगदी तेवढ्याच. जाळणीआधी जनजागृतीचं भाषण सक्तीचं होतं आणि भाषणात एक खरी घडलेली गोष्ट सांगायची होती. ती संघरत्नाने सांगायची. शाळांमधून तिची ती अकरा वेळा सांगून झाली होती: परवानगी न घेता आग लावणाऱ्या एका इसमाचा त्याच आगीत कसा मृत्यू झाला. इसम म्हटलं की जीभ अडखळत नसे.

बाराव्यांदा ती गोष्ट चिंचपाड्यावर सांगायची पाळी आली. सकाळी साडेसातची वेळ, गवत ओलं, सगळा पाडा ओट्यांवर. साहेब खुर्चीत. संघरत्ना उभी राहिली आणि पाठ केलेलं बोलून गेली. "...आणि त्या इसमाचा त्याच आगीत मृत्यू झाला. म्हणून आग लावायची ती खात्याच्या देखरेखीखालीच."

लडकू भिंतीला टेकून बसला होता, उजवा पाय लांब पसरून.

"नाव काय त्याचं?" त्याने विचारलं.

"नाव महत्त्वाचं नाही, काका."

"मना सांग. मी म्हातारा मानूस, इसरतो."

तिच्या छातीवर पितळेची पट्टी होती: सं. या. रोकडे. पाड्यातली वाचता येणारी चार पोरं त्या पट्टीकडे बघत होती.

"यादव," ती म्हणाली.

"यादव कोन?"

"यादव रोकडे."

"तुझा कोन?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, दव जाईल."

"माझा बाप."

"आनि तो वणवा त्यानं लावला," लडकू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ज्याच्या पट्ट्यामुळं माजं घर उभं हाय, त्यानं. तू तिथंच व्हतीस. तू सांग. लावला का?"

मैनेने पदर तोंडाला लावला होता. संघरत्नाला 'नाही' एवढा एकच शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द तिला येत होता, बापाने लहानपणी पहिला शिकवला असेल तो. ती कायम झाली होती. आता तिचं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. साहेब खुर्चीतून तिच्याकडे बघत होते, तेही गोडच.

"हो," ती म्हणाली.

लडकूने मान हलवली, ऐकायचं होतं ते ऐकलं असं. भिंतीला धरून उठला, गुडघा सरळ केला आणि तिच्यापुढे हात पसरला.

"काडेपेटी दे."

तिने नवी काडेपेटी दिली, खात्याची. तो लंगडत वर चढला, पाडा त्याच्यामागून, प्रत्येकाच्या हातात करंजाची ओली फांदी. मोठ्या खडकाजवळ गेल्या पौषात तिने जिथे बुटांनी निखारे तुडवले होते, तिथे तो वाकला आणि पहिली काडी ओढली. आग रांगत निघाली. संघरत्ना बाजूला उभी होती, तिला कोणी फांदी दिली नाही. खिशात मोबाईल वाजला, डोणी बीट, तो तिने बघितला नाही. लडकूने खडकापासून कड्यापर्यंतचा पट्टा पुरा केला. त्याला बरोबर अर्धा तास लागला.